‘काही होत नाही, बिनधास्त जा’ म्हणणाऱ्यांना

आज दुपारी आमच्या इथल्या, म्हणजे जर्मनीतल्या, मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर एका मुलीने प्रश्न टाकला. नाव लिहीत नाही. तिची आई बाळंतपणासाठी आली होती. व्हिसाचे नव्वद दिवस कधीच संपले. मध्ये बाळाला कावीळ झाली, मग आईंचा गुडघा सुजला, तिकीट पुढे ढकललं, आणि आता व्हिसा संपून काही आठवडे उलटलेत. पुढच्या महिन्यात त्या परत जाणार. तर प्रश्न असा होता: ‘आई पुन्हा कधी येईल माहीत नाही. जायच्या आधी तिला बसने पॅरिस आणि मग स्वित्झर्लंड दाखवून आणावं म्हणतोय. मध्ये कुठे चेकिंग असतं का?’

आणि उत्तरं! ‘अगं शेंगेनमध्ये बॉर्डरच नसते.’ ‘आम्ही इतक्यांदा गेलो, पासपोर्ट बॅगेतून काढावा लागला नाही.’ ‘म्हाताऱ्या बाईला कोण अडवतंय?’ वर अंगठे, हसरे चेहरे, आणि एकाने तर बसच्या स्वस्त तिकिटांची लिंकसुद्धा दिली. व्हिसा संपलाय हे त्या मुलीने स्पष्ट लिहिलं होतं, पण एकालाही तिथे थांबावंसं वाटलं नाही.

ही उत्तरं देणाऱ्या प्रत्येकाच्या खिशात इथलं रेसिडन्स कार्ड आहे. दोघांकडे तर जर्मन पासपोर्ट आहे. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं? पोलिस गाडीत चढले तर तुम्ही कार्ड दाखवून पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घालणार. खाली उतरवतील ते तिच्या आईला.

मी हे रागाने लिहितेय, कारण मी एका पोराला असं उतरवताना पाहिलंय. व्हेरोनाहून म्युनिकला येणारी गाडी. आम्ही सुट्टीवरून परतत होतो, मुलं पेंगत होती. इन्सब्रुक गेलं, कुफस्टाइन गेलं, आणि रोझेनहाइमच्या आसपास दोन पोलिस डब्यात आले. आमच्या तिरक्या समोर एक पोरगा बसला होता. मघाशी फोनवर ‘आई, उद्या रात्री पोचतोय, जेवायला थांब’ म्हणत होता म्हणून मला कळलं की आपला आहे. सांगलीकडचा. पोलिसाने पासपोर्ट घेतला, व्हिसाच्या स्टिकरचं पान उघडलं, एक छोटं भिंग डोळ्याला लावून बघितलं, मग मागची-पुढची सगळी पानं अंगठ्याने हळूहळू चाळली. बाहेर पडल्याचा शिक्का शोधत होता. तो कुठे असणार?

पोराला जर्मन येत नव्हतं, इंग्रजी घाबरून आटलं होतं. मी मध्ये पडले. तो मला म्हणाला, ‘ताई, मी घरीच चाललोय, सांगा ना त्यांना.’ खिशातून चौघडी केलेलं तिकीट काढलं. म्युनिक ते मुंबई, दुसऱ्या दिवशीचं. मी पोलिसाला सांगितलं, तिकीट दाखवलं. तो माणूस उद्धट नव्हता. शांतपणे ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाला, तरीही याला खाली उतरावं लागेल.

हा पोरगा म्युनिकला कशाला आला होता? इटलीतून मुंबईला विमानं नाहीत का? आहेत की. पण तिथे कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं होतं की इटलीच्या विमानतळावर पकडतात, म्युनिकला नुसते बघून सोडतात, आणि ट्रेनमध्ये तर कुणी विचारतच नाही. आज ग्रुपवर दिला तोच सल्ला, त्याच भाषेत.

आता जरा नीट सांगते, कारण बरेच जण खरोखर गोंधळलेले असतात, आणि ते समजू शकते मी.

शेंगेन म्हणजे आपापसातल्या सीमांवर एरवी तपासणी न ठेवणारे, एकाच व्हिसावर फिरता येणारे सध्या २९ देश. रोमानिया आणि बल्गेरियाही १ जानेवारी २०२५ पासून पूर्ण आत आले, क्रोएशिया २०२३ पासूनच आत आहे. त्यामुळे ‘दिवस संपत आले की शेजारच्या देशात जाऊन येऊ’ हे जुने उपाय विसरा. नियम आहे कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवसांचा, आणि तोही सगळ्या देशांत मिळून. त्यातही तुमच्या स्टिकरवर मुक्कामाच्या दिवसांचा रकाना वेगळा असतो. व्हिसाची शेवटची तारीख लांबची असते, मुक्कामाचे दिवस कमी असतात. आपले आई-बाबा तारीख वाचतात, तो रकाना कुणी वाचत नाही. सांगलीच्या पोराने पण नव्हता वाचला.

आणि सीमा नसते म्हणता? फ्रान्सने २०१५ पासून आपल्या सीमांवर तपासणी चालू ठेवली आहे. ऑस्ट्रियाकडून जर्मनीत येताना तेव्हापासूनच आहे. आणि १६ सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने आपल्या सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर ती लावली, तात्पुरती म्हणून, आणि मग मुदत वाढवत नेली. पॅरिसची बस स्ट्रासबुर्गच्या अलीकडे बाजूला घेतात, सगळ्यांचे पासपोर्ट गोळा करतात. रोज करत नाहीत, मान्य. स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आहे पण युरोपियन युनियनच्या सीमाशुल्क व्यवस्थेत नाही, त्यामुळे तिथे सामान तपासायला माणसं उभीच असतात, आणि सामान तपासणाऱ्याला कागद मागता येतात. एसटीने पुणे-सातारा करावं इतकं ते सोपं राहिलेलं नाही.

हो, बहुतेक वेळा कुणीच चढत नाही. शंभर बस सरळ निघून जातात, हेही मान्य करते. पण त्या बसमध्ये तुमची आई असते का? असेल तर मग हिशेब असा करायचा का?

पकडलं तर काय होतं हे ‘काही होत नाही’वाल्या एकाने तरी वाचलंय का? जर्मनीत परवान्याशिवाय राहणं हा फौजदारी गुन्हा आहे. एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड असं कायद्यात लिहिलंय. सत्तरीच्या आजीला तुरुंगात टाकत नाहीत हो, मलाही कळतं. पण गुन्हा नोंदवतात, बोटांचे ठसे घेतात, परत जाण्याचा आदेश काढतात. त्या आदेशासोबत प्रवेशबंदी येऊ शकते, साधारणपणे पाच वर्षांपर्यंत, आणि ती सगळ्या शेंगेन देशांच्या सामाईक यंत्रणेत चढते. म्हणजे बंदी जर्मनीने घातली तरी पोर्तुगालचा अधिकारीही ती बघणार. पुढे कधी इंग्लंड-अमेरिकेचा अर्ज भरताना ‘तुम्हाला कधी कुठल्या देशातून काढलं आहे का’ हा प्रश्न येतो. तिथे खोटं लिहिलं तर आणखी वाईट.

पाच वर्षं म्हणजे आजच्या तान्ह्या नातवाची शाळा सुरू होईल.

तो पोरगा सुटला नाही. गाडी ऑस्ट्रियातून आली होती, म्हणून त्याला तिकडे परत पाठवलं. विमान गेलं, तिकिटाचे पैसे बुडाले. मी माझा नंबर एका कागदावर लिहून दिला होता. बऱ्याच दिवसांनी गावाहून त्याचा मेसेज आला, सोबत एका कागदाचा फोटो: ‘ताई, हे जर्मनमध्ये आहे, काय लिहिलंय?’ ऑस्ट्रियन कार्यालयाचा परतीचा आदेश होता तो, खाली प्रवेशबंदी. तीन-चार ओळींचा मजकूर. मी तो मराठीत टाइप केला, पुसला, पुन्हा टाइप केला. शेवटी फोनच केला.

त्याच्याबद्दल लगेच ‘बेकायदा राहायला कुणी सांगितलं होतं’ म्हणू नका. एजंटने टुरिस्ट व्हिसावर धाडलं होतं. आधी उतर, मग पोर्तुगालला सरक, तिथे कार्ड मिळतं, असं सांगून. पर्यटक म्हणून येऊन, काम धरून मग परवान्यासाठी अर्ज करायची ती वाट पोर्तुगालने ३ जून २०२४ पासून बंद केली. एजंटने ते सांगितलंच नाही. वडिलांनी शेतीवर कर्ज काढलेलं. हा इटलीत कुणाच्या तरी किचनमध्ये भांडी घासत बसला आणि खरं कळल्यावर घरी निघाला. चुकला का? चुकला. पण निघाला होता तो परतच.

आणि आता नवीन यंत्रणा आली आहे. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या बाहेरच्या सीमांवर शिक्क्याऐवजी चेहऱ्याचा फोटो आणि बोटांचे ठसे घेऊन आत-बाहेरची नोंद व्हायला लागली, टप्प्याटप्प्याने. पूर्वी पुसट शिक्के बघत अधिकारी बोटांवर दिवस मोजायचा, घाईत असला तर सोडून द्यायचा. मशीन घाईत नसतं. ते दिवस आपोआप मोजतं. ही नोंद तीन वर्षं राहते, आणि बाहेर पडल्याची नोंदच नसेल तर पाच. तेव्हा ‘माझ्या मावशीला २०१७ मध्ये कुणी काही म्हटलं नव्हतं’ ही गोष्ट कृपा करून कुणाला सांगू नका.

एक गोष्ट ग्रुपवर कुणीच काढली नाही, विम्याची. व्हिसासाठी कमीत कमी ३०,००० युरोचा प्रवासविमा लागतो. तो आपण व्हिसाच्या तारखांपुरता काढतो. तारखा संपल्या की तो बहुतेक वेळा संपलेला असतो. गुडघा सुजलेल्या बाईला तुम्ही विम्याशिवाय बसमध्ये रात्रभर बसवून पॅरिसला नेणार? आणि आपल्यापैकी अनेकांनी आई-बाबांच्या व्हिसासाठी ते लांबलचक जर्मन नावाचं हमीपत्र सही करून दिलेलं असतं. ते नीट वाचा. राहण्याचा, आजारपणाचा आणि वेळ आली तर परत पाठवण्याचाही खर्च सही करणाऱ्यावर येतो. म्हणजे लेकीवर, जावयावर.

हे लिहिताना त्या मुलीवरचा माझा राग कधीच गेलाय. खरं तर तिच्यावर नव्हताच. बाळंतीण आहे, रात्रीची झोप नाही, आईला काहीतरी दाखवावं असं वाटतंय. आपल्या आयांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या बाळंतपणात रात्री जागवल्या, स्वतः कुठे गेल्या? माझी आई इथे आली तेव्हा आमच्या खिडकीतून दिसणारं ट्रामचं वळण तेवढं तिने पाहिलं. डिंकाचे लाडू, बाळाची मालिश, पुन्हा डिंकाचे लाडू. मला कळत नाही का तिला काय वाटत असेल ते?

पण नियम अन्यायाचे आहेत म्हणून ते आपल्या आईला लागू होणार नाहीत असं नसतं. अन्यायाचे आहेत, हे मीही म्हणते. ९० युरो भरायचे, अपॉइंटमेंटसाठी महिनोन्‌महिने थांबायचं, बँकेची सगळी पानं दाखवायची, आणि नकार आला तर पैसे परत नाहीत. तरीही एप्रिल २०२४ मध्ये भारतात राहणाऱ्यांसाठी एक चांगली गोष्ट झाली होती. मागच्या तीन वर्षांत दोन व्हिसे नियमाने वापरले असतील तर दोन वर्षांचा मल्टिपल एंट्री व्हिसा मिळू शकतो, त्यानंतर पाच वर्षांचा. नियमाने वापरले असतील तर. एक फालतू बसप्रवास आणि ती वाटही बंद.

मग करायचं काय? ज्यांचे दिवस अजून संपलेले नाहीत त्यांनी, आजारपण वगैरे खरं कारण असेल तर, दिवस संपायच्या आधी आउसलेंडरबेहोर्डेत, म्हणजे परदेशी नागरिकांच्या सरकारी कार्यालयात, जायचं. मुदतवाढीची सोय आहे. एकूण नव्वद दिवसांच्या आतली मुदतवाढ असेल तर गंभीर वैयक्तिक कारणासाठी ३० युरो फी, आणि परिस्थिती हाताबाहेरची किंवा माणुसकीच्या दृष्टीने गंभीर असेल तर तीही नाही. डॉक्टरचं पत्र लागतं, ‘प्रवास करू शकत नाही’ असं स्पष्ट लिहिलेलं. ती मुलगी बाळाच्या काविळीच्या वेळीच गेली असती तर हा प्रश्नच आला नसता. तेव्हाही तिला ग्रुपवरच कुणीतरी ‘राहू दे, कशाला स्वतःहून सांगायला जातेस’ म्हटलं असणार, मी पैजेवर सांगते.

दिवस संपलेच असतील तर फिरणं बंद. पॅरिस नाही, स्वित्झर्लंड नाही, शेजारच्या साल्झबुर्गला एका दिवसासाठीसुद्धा नाही. दवाखान्याचे सगळे कागद एका फायलीत लावा, परदेशी नागरिकांच्या कायद्यातल्या वकिलाला ताबडतोब भेटा, आणि तिकीट जिथे आहात तिथूनच काढा. थेट मुंबईचं असेल तर उत्तम. दुबई-दोहामार्गे असलं तरी चालेल, कारण शेंगेनमधून बाहेर पडल्याची नोंद इथेच होते. पण स्वस्त पडतं म्हणून पॅरिस किंवा ॲमस्टरडॅममार्गे काढू नका. मग बाहेर पडताना दुसऱ्याच देशाच्या अधिकाऱ्यासमोर, अनोळखी भाषेत, एकट्या आईला उत्तरं द्यावी लागतील. विमानतळावर विचारतील, कदाचित दंड होईल, नोंद होईल. होऊ दे. खरं सांगायचं, कागद दाखवायचे. स्वतःहून घरी निघालेल्या माणसाकडे निदान सांगण्यासारखं काही असतं. बसमध्ये सापडलेल्याकडे काय असतं?

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. एका गृहस्थांचं उत्तर आलं, ‘ताई, उगाच घाबरवू नका लोकांना.’ घाबरवणारच! त्या पोराला वेळेवर कुणी घाबरवलं असतं तर आज तो बंदीचा कागद घेऊन बसला नसता.

इथल्या मराठी मंडळाच्या कार्यकारिणीतले बरेच जण माझ्या यादीत आहेत, म्हणून इथेच लिहिते. दिवाळीच्या कार्यक्रमात या विषयाला एक तास द्या. परदेशी नागरिकांच्या कायद्याचा वकील बोलवू, लोकांना समोरासमोर प्रश्न विचारू दे, मराठीत समजावून सांगायला मी उभी राहते. दर उन्हाळ्यात इतक्या जणांचे आई-बाबा येतात, गरज आहे याची. वकील शोधायचं आणि त्यांच्या मानधनाचं मी बघते. तुम्ही हॉल आणि वेळ ठरवून रविवारपर्यंत कळवा.