समोरच्या वाहनाचा तपशील

गाडीत उंदीर शिरलाय हे उंदीर दिसून कधीच कळत नाही. ते आधी वासाने कळतं, मग मीटरवरच्या पिवळ्या दिव्याने आणि शेवटी गॅरेजवाल्याच्या चेहऱ्यावरून. तो बॉनेट उघडतो, टॉर्च मारतो, "अरेरे" म्हणतो आणि आपल्याकडे न बघताच विचारतो, "गाडी वापरत नाही का साहेब?"

वापरतो की. रविवारी.

सोमवार ते शनिवार मी कंपनीच्या बसने सातपूरला जातो, बायको स्कूटीवर कॉलेज रोडला जाते आणि गाडी गंगापूर रोडच्या आतल्या अंगाला असलेल्या आमच्या सोसायटीत उभी असते. रविवारी सकाळी आम्ही सहकुटुंब मिसळ खाऊन येतो आणि दुपारी गाडीला पुसून कव्हर घालतो. म्हणजे आरसी बुकावर नाव माझं, हप्ता माझा, पण आठवड्यातले सहा दिवस कब्जा त्याचा. वर कव्हर घालून मी त्याला पडदेही लावून दिले.

सोसायटीच्या मागे मोकळा प्लॉट आहे. तिथे एके काळी द्राक्षबाग होती, मग तो एनए झाला, आता गाजरगवत आहे. त्यात सिंहस्थ जवळ आला की आमचं शहर खणायला घेतात. रस्ते खणले, गटारं खणली, पाइप टाकले, पुन्हा खणले. जमिनीखाली पिढ्यान्‌पिढ्या सुखाने राहणाऱ्या मंडळींनी जायचं कुठे? कुणी पुनर्वसनाचं बघितलं नाही, तेव्हा त्यांनी आपलं आपण बघितलं.

पहिला सुगावा एसीने दिला. चालू केला की कुबट, तिखटसर वास. एसीचा पंखा बाहेरची हवा वायपरच्या खालच्या जाळीतून ओढतो आणि ती ग्लव्ह बॉक्सच्या मागे बसवलेल्या, घड्या घातलेल्या कागदी फिल्टरमधून आत येते, हे ज्ञान मला या वयात उंदरामुळे झालं. पेन्सिल जाईल एवढ्या फटीतून लहान उंदीर आरामात आत येतो. ग्लव्ह बॉक्स खाली उतरवून फिल्टर ओढला, तर त्याच्या घड्यांवर एक सुबक घरटं. बॉनेटच्या अस्तराचा पिंजून केलेला कापूस, त्यात पीयूसीच्या चिंध्या, पापडाचा तुकडा, शेंगदाण्याची टरफलं, दोन बेदाणे आणि मधोमध चिमूटभर गुलाबी अक्षता.

बायकोने अक्षता बघितल्या. "या पिंपळगावच्या लग्नातल्या," ती म्हणाली. "म्हणजे तुम्ही टाकल्याच नाहीत? खिशात घालून घरी आणल्यात?"

उंदराचा विषय तिथेच संपला आणि पिंपळगावचा सुरू झाला. माझ्या आत्येबहिणीच्या मुलाचा संसार नीट चाललेला नाही, त्याचं कारण त्या दिवशी आमच्या पार्किंगमध्ये सापडलं.

पिवळ्या दिव्यासाठी द्वारकेकडच्या एका वायरमनकडे गेलो. वायरमन म्हणजे गाडीचा. हा माणूस कमी बोलतो आणि दर वाक्याला बिल वाढवतो. "ही इंजेक्टरची वायर. ही सेन्सरची. ही... ही कशाची होती बघावं लागेल." घरट्याचा उरलासुरला बोळा मी हाताने काढायला गेलो तर ओरडला, "हातमोजे घाला साहेब, उंदराच्या मुतातून लेप्टो होतो." मग वायरीचं टोक माझ्या नाकासमोर धरून म्हणाला, "खाल्लेली नाही बघा. नुसती कुरतडलीय." हे खरं आहे. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढतात, मोठ्या उंदराचे तर वर्षाकाठी चार-पाच इंच. ते झिजवले नाहीत तर त्याला तोंड मिटता येणार नाही. म्हणजे माझ्या गाडीचं वायरिंग हा त्याचा आहार नसून दंतमंजन होतं. हल्ली वायरींचं आवरण सोयाबीनपासून करतात म्हणून उंदीर सोकावले, असंही म्हणतात. अमेरिकेत गाडीमालकांनी त्यावरून कंपन्यांवर दावे लावले होते. माझ्या मते सोयाबीनला उगाच बदनाम करतात. आमच्याकडच्याने सीट बेल्टही चाखून बघितला आहे.

मग उपाय सुरू झाले. नाशिकमध्ये गाडीत उंदीर शिरला असं एकदा तोंडातून निघू द्या, बोहरपट्टीपासून पाथर्डी फाट्यापर्यंत ज्याला त्याला उपाय ठाऊक असतो. आणि हे उपाय उंदराचा स्वभाव बघून निघालेले नसतात, सांगणाऱ्याचा बघून निघालेले असतात.

वरच्या मजल्यावरचे काका बँकेतून निवृत्त झालेत. त्यांचा यंत्रावर विश्वास. माणसाला ऐकू येत नाही पण उंदराला असह्य होतो असा आवाज काढणारं यंत्र त्यांनी मला मागवायला लावलं. काकांना तसंही फारसं ऐकू येत नाही, त्यामुळे यंत्र चालू आहे हे ते खात्रीने सांगत. मी मागवल्यावर वाचलं, की अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००१ सालीच असली यंत्रं बनवणाऱ्या-विकणाऱ्या साठहून जास्त जणांना पत्रं धाडून बजावलं होतं, की दाव्यांना शास्त्रीय पुरावा हवा. हा आवाज आडव्या आलेल्या वस्तूंना वळसा घालून पुढे जात नाही, आणि बॉनेटखाली आडव्या वस्तूंशिवाय दुसरं काही नसतं. शिवाय उंदराला त्याची सवय होते. सवय झाली नाही ती बॅटरीला. यंत्र तिच्यावरच चालत होतं. रविवारी किल्ली फिरवली तर नुसतं टक्‌ टक्‌. मिसळ खायला रिक्षाने गेलो.

तळमजल्यावरच्या काकूंनी डांबरगोळ्या दिल्या. सढळ हाताने. त्यानंतर आमच्या गाडीला आजीच्या पैठणीच्या कपाटाचा वास यायला लागला. लग्नाला जाताना ठीक वाटायचं, एरवी मुलगी नाकाला रुमाल लावून बसायची. आठवड्याभराने काकूंनी विचारलं, "गेला का गं तुमचा उंदीर?" बायको म्हणाली, "आम्हीच जाऊ असं वाटतंय काकू."

भाचा पुण्याला इंजिनिअरिंगला आहे. त्याने तिखटाचा उपाय काढला. होंडा कंपनी वायरींवर गुंडाळायला मिरचीतलं कॅप्सेसिन लावलेली चिकटपट्टी विकते. पक्ष्यांना ते तिखट लागत नाही, सस्तन प्राण्यांना लागतं, असं शास्त्र त्याने मला फोनवर समजावून सांगितलं. शास्त्राला माझी ना नाही. पण हा उंदीर आमच्या मागच्या सीटवर सांडलेला काळ्या मसाल्याचा रस्सा चाटून वाढलेला. पट्टी मागवायच्या आधी घरचं लवंगी तिखट तेलात कालवून वायरींवर लावून बघितलं. उंदराचं मत कळलं नाही, पण इंजिन तापल्यावर केबिनमध्ये जी खाट उठली तिने आम्ही चौघं आनंदवलीच्या सिग्नलला काचा खाली करून ठसकत होतो. शेजारच्या बाइकवाल्याने आपुलकीने विचारलं, "फोडणी करताय का?"

वॉचमन मामांचा उपाय तंबाखूचा. पानतंबाखूची पुरचुंडी बॉनेटखाली बांधायची. ती मी बांधली, आणि पुढच्या खेपेला वायरमनने बॉनेट उघडल्यावर पहिली नजर तिच्यावर गेली. पुरचुंडी सोडून त्याने वास घेतला, चिमूटभर तळहातावर घेतली आणि माझ्याकडे बघितलं. "चुना नाही ठेवला?"

मामांचा दुसरा उपाय मांजराचा. मांजर सोसायटीत आहे, पण दुसऱ्या मजल्यावरच्या आजी तिला दूधभात घालतात, त्यामुळे उंदीर हा आपल्या धर्माचा भाग आहे हे ती विसरली आहे. नाशिकची थंडी तुम्हाला माहीत आहे. निफाडला पारा घसरल्याच्या बातम्या येतात त्या दिवसांत आमच्या पार्किंगमध्येही हाडं वाजतात. त्या रविवारी गाडी आणून उभी केली की इंजिनाच्या उबेला मांजर बॉनेटवर येऊन बसे. त्याच उबेला उंदीर बॉनेटच्या खाली. मध्ये फक्त एक पत्रा. दोघांचीही एकमेकांबद्दल काही तक्रार नव्हती.

राहिला मेव्हणा. त्याचा सल्ला म्हणजे सरळ विष. पण तो सल्ला त्याने स्वतःच मागे घेतला. त्याच्या गाडीतला उंदीर विष खाऊन डॅशबोर्डच्या आत कुठेतरी गेला, तोही मे महिन्यात. आख्खा डॅशबोर्ड उतरवायचं बिल ऐकून मेव्हण्याने वाट बघायचं ठरवलं. ते त्र्यंबकला गेले ते चारही काचा उघड्या ठेवून, आणि मागे बसलेल्या सासूबाईंनी वाटेत एकदाही देवाचं नाव घेतलं नाही, कारण तोंड उघडायची सोय नव्हती.

वायपरखालच्या फटीला मी स्टीलची बारीक जाळी मात्र बसवून घेतली. अंबडच्या एका फॅब्रिकेशनवाल्याने मापात कापून दिली, आणि खरं सांगायचं तर एवढं एकच काम मनासारखं झालं. तेव्हापासून केबिनमध्ये कुणी आलेलं नाही. मुलीला गाडीत खायला बंदी केली, सीटखालचा फरसाण आणि चिवडा व्हॅक्यूमने ओढून काढला. एवढा निघाला, की मी उंदराच्या जागी असतो तर मीही हलायला तयार झालो नसतो. पण इंजिनाचं काय? "खालून गाडी उघडीच असते साहेब," वायरमन म्हणाला. "तिला हवा लागते. तिथं जाळी कशी मारणार?"

बिलाचा आकडा ऐकल्यावर विमा आठवला. फोनवरची मुलगी फार गोड बोलली.

"सर, अपघात कुठे झाला?"

"पार्किंगमध्ये."

"गाडी कोण चालवत होतं?"

"कुणी नाही. उभी होती."

"ओके. समोरच्या वाहनाचा तपशील सांगता का?"

मी क्षणभर थांबलो. "उंदीर," म्हणालो.

"सर, वाहन सांगा."

"वाहनच आहे ते."

पलीकडे शांतता. मग तिने फॉर्म पाठवते म्हणून सांगितलं. फॉर्ममध्येही तोच रकाना होता: समोरच्या वाहनाचा प्रकार, मालकाचं नाव, पत्ता. मालकाचं नाव आणि पत्ता मला दोन्ही ठाऊक आहेत. नवश्या गणपती आमच्यापासून फार लांब नाही, चतुर्थीला आम्ही तिथे रांगेत उभे असतो. पण नुकसानभरपाईच्या फॉर्मवर ते नाव घालायची हिंमत होईना. इतकी वर्षं त्याच्याकडे काही ना काही मागतोच आहोत, आता दावा कुठे लावायचा?

शेवटी फॉर्म भरलाच नाही. त्यामागे भक्तीपेक्षा हिशेब होता. क्लेम न केल्याचा बोनस पहिल्या वर्षी २० टक्के मिळतो आणि पाच वर्षं नीट काढली की ५० टक्क्यांपर्यंत जातो. एकदा क्लेम केला की तो शून्यावर. बँकेतल्या काकांनी कागद-पेन घेऊन बेरीज-वजाबाकी केली आणि सांगितलं, "खिशातून भर. उंदीर परवडला." यंत्रापेक्षा हा सल्ला बरा होता.

हल्ली वायरमनने सांगितलेला उपाय चालू आहे. याला खर्च नाही. कव्हर घालायचं नाही आणि रात्री बॉनेट सताड उघडं ठेवायचं. उजेड आणि मोकळी हवा आली की उंदराला ती जागा आपली वाटत नाही. मी गाडी पार्किंगच्या ट्यूबलाइटखाली लावायला लागलो, बॉनेट काठीवर उभं केलं, आणि पिवळा दिवा त्यानंतर लागलेला नाही.

लागते ती आमची बेल. "तुमचं बॉनेट उघडं राहिलंय." सी विंगमधले एक गृहस्थ रात्री साडेदहाला जंप स्टार्टच्या केबल घेऊन दारात उभे. रात्रपाळीहून येणारा एक मुलगा "धक्का मारू का काका?" म्हणून विचारून जातो. वॉचमन मामांच्या रजिस्टरमध्ये आमच्या गाडीपुढे रोज 'बंद पडली' अशी नोंद आहे. आमचं बरं चाललेलं नाही, अशी सोसायटीत कुजबुज असल्याचं काकूंनी बायकोच्या कानावर घातलंय. म्हणून परवा मी उंदराचं कारण मोठ्या अक्षरांत लिहून नोटीस बोर्डावर लावलं.

काल सकाळी खाली उतरलो तर बॉनेट बंद, गाडीवर नीट ताणून कव्हर घातलेलं आणि काचेला वायपरखाली चिठ्ठी: 'बॉनेट उघडे होते. बंद केले आहे. आपल्या भागात उंदीर फार झालेत, काळजी घ्यावी.'