शेजाऱ्याचं तळं, अण्णाचा कांदा आणि लॉर्ड केर्न्स

आज पुन्हा तारीख पडली. साहेब रजेवर. आम्ही दोघं भाऊ चाळीस किलोमीटर जाऊन, कोर्टाबाहेर एकेक वडापाव खाऊन परत आलो. त्याचा राग नाही, दीड वर्षात सवय झालीय. राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. रात्रीचे साडेदहा वाजले तरी तो उतरत नाही, म्हणून इथे लिहितोय. लांबेल. झोप आली असेल त्यांनी खुशाल झोपावं.

झालं असं की लिंबाखाली बसल्या बसल्या आमच्या वकिलांच्या हाताखालचा पोरगा फाइल चाळत होता. चाळता चाळता म्हणाला, "काका, दाव्यात नुकसानभरपाई मागितलेलीच नाही की. नुसता मनाई हुकूम मागितलाय. भरपाईला आता वेगळा दावा लावावा लागेल."

दीड वर्ष! आणि हे आज कळतंय!

नव्या मंडळींसाठी सांगतो, जुन्यांना पाठ आहे. दोन वर्षांमागच्या श्रावणात आमच्या वरच्या अंगाच्या शेजाऱ्याचं शेततळं रात्री फुटलं. ट्रकने खडी ओतावी तसा आवाज आला आणि अण्णा बॅटरी घेऊन बाहेर येईपर्यंत कांदाचाळीत मांडीएवढं पाणी. उन्हाळ कांदा, दीडशे क्विंटल, भाव वाढेल म्हणून राखून ठेवलेला. चार दिवसांनी वहिनी पदर नाकाला लावून कांदा निवडत होती. त्यातला पोतंभरसुद्धा धड निघाला नाही. शेजारी बांधावर उभा राहून एकच वाक्य बोलला, "मी काय मुद्दाम फोडलं का?"

या वाक्याला इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायपीठावरून उत्तर दिलं गेलंय, ते १८६८ साली. देणाऱ्याचं नाव ह्यू केर्न्स. मी बेचाळिसाव्या वर्षी, शाळा करून संध्याकाळचं एलएलबी केलं, सनद काही घेतली नाही. पण हा माणूस तेव्हापासून डोक्यात बसलाय. म्हणून त्या पोराला म्हटलं, "बाबा, वेगळा दावा नको. एकाच दाव्यात मनाई आणि भरपाई दोन्ही मागता येतात, राहिलं असेल तर दुरुस्ती करता येते. ही सोय केर्न्सने १८५८ साली केलीय." पोरगा हसला. "काका, कुठल्या गोऱ्या साहेबाचं घेऊन बसलात. इंग्रजांचे कायदे गेले आता, नवीन आले."

गेले ते फौजदारी, राजा. आपला दावा दिवाणी आहे.

तर ऐकाच आता हा गोरा साहेब कोण ते.

१८१९चा जन्म, उत्तर आयर्लंडातल्या डाऊन परगण्यातला. डब्लिनला शिकला, लंडनला वकिली केली, १८५२ मध्ये बेलफास्टमधून हुजूर पक्षाचा खासदार झाला आणि १८५८ मध्ये सरकारचा सॉलिसिटर जनरल. त्या काळी तिकडे दोन जातीची कोर्टं होती. एका जातीचं कोर्ट पैसे देववायचं. दुसरं, म्हणजे चॅन्सरी, हुकूम द्यायचं, हे कर, ते करू नको. पण चॅन्सरीकडे भरपाई मागायला गेलात की सांगणार, पैशाचं आमच्याकडे नाही, तिकडे जा. म्हणजे शेजाऱ्याने भिंत पाडली तर एक दावा लिंकन्स इनमध्ये, दुसरा वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये, आणि वकिलांची दोन्हीकडे दिवाळी. केर्न्सने दोन कोर्टांमधल्या भिंतीला एक खिंडार पाडलं. चॅन्सरीने हुकूम द्यावा, किंवा हुकमाबरोबर भरपाई द्यावी, किंवा हुकमाऐवजी भरपाई द्यावी. बस, एवढंच. आजही कायद्याच्या पुस्तकांत त्याला लॉर्ड केर्न्सचा कायदा म्हणतात. तो झाला तेव्हा केर्न्स 'लॉर्ड' झालाही नव्हता, पण नाव चिकटलं ते चिकटलं. आपल्याकडच्या स्पेसिफिक रिलीफ ॲक्टचं कलम ४० काढून बघा, तोच मासला. भरपाई दाव्यात मागितलेली पाहिजे, आणि मागायची राहिली असेल तर कोणत्याही टप्प्यावर दुरुस्ती करू द्यायची, असं स्वच्छ लिहिलंय. उलट त्या पोराचं ऐकून वेगळा दावा लावला असता, तर समोरचा म्हणाला असता, पहिल्याच दाव्यात का नाही मागितलं? आणि तेही धरून चाललं असतं. म्हणजे दोन्हीकडून गेलो असतो.

डोकं गरम होतं ते इथे. दीडशे वर्षांहून जुनी सोय, कलमात लिहिलेली, आणि ज्याला आम्ही फी मोजली त्याने ती वाचू नये?

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल मास्तर इंग्रजांचा भाट झाला. त्याच १८५८ च्या उन्हाळ्यात इकडे काय चाललं होतं? मार्चमध्ये गव्हर्नर जनरल कॅनिंगने जाहीरनामा काढून अवधच्या जवळपास सगळ्या तालुकदारांचे जमिनीचे हक्क जप्त केले. जूनमध्ये ग्वाल्हेरला राणी लक्ष्मीबाई पडली. आणि लंडनला मे महिन्यात संसदेत वाद कशाचा, तर हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या मंत्री एलनबरोने कॅनिंगला त्या जप्तीबद्दल खरमरीत खलिता लिहिला आणि तो बाहेर फुटू दिला, याबद्दल सरकारची निर्भर्त्सना करायची की नाही याचा! आपला केर्न्स सरकारच्या बाजूने उभा राहिला आणि असा बोलला की पक्षात त्याचं वजन वाढलं. बाजू योगायोगाने जप्तीच्या विरोधातली होती, एवढंच. इकडे माणसं फासावर जात होती, तिकडे हे एकमेकांचे मुद्दे खोडत होते. आयर्लंडचंही तेच. तिथली बहुसंख्य जनता कॅथलिक आणि सरकारी चर्च मूठभर प्रोटेस्टंटांचं. ते चर्च सरकारपासून तोडायला निघालेल्या लिबरल पक्षाच्या ग्लॅडस्टनला केर्न्सने कडाडून विरोध केला. मान्य, तो आपल्या बाजूचा माणूस नव्हता. गरिबांच्याही नव्हता. झालं समाधान?

पण मग १८६९ च्या जुलैमध्ये, या चर्चचं भांडण हाताबाहेर जाऊन उमरावांची सभा आणि कॉमन्स समोरासमोर आल्यावर, हाच केर्न्स पक्षातल्या कुणाला फारसं न विचारता ग्लॅडस्टनच्या बाजूच्या ग्रॅनव्हिलबरोबर बसला आणि तडजोड करून मोकळा झाला. पक्षवाले चिडले. पण वाद मिटला. मला हे जमलं नसतं. आमच्या भावकीत तर कुणालाच जमत नाही.

आणि मग रायलँड्स विरुद्ध फ्लेचर. कायदा शिकलेला या देशातला एकही माणूस असा नसेल ज्याने हे नाव परीक्षेत लिहिलेलं नाही. लिहितात आणि विसरतात. मी नाही विसरलो, कारण पुढे ते माझ्या घरात घडलं.

लँकेशायरमध्ये एन्सवर्थ मिल. मालक जॉन रायलँड्स, मँचेस्टरचा गडगंज कापडवाला. आज त्या शहरात त्याच्या विधवेने उभारलेलं त्याच्या नावाचं भव्य ग्रंथालय आहे. गिरणीला पाणी पाहिजे म्हणून त्याने इंजिनिअर आणि ठेकेदार लावून तलाव बांधून घेतला. खोदताना तळाशी जुन्या खाणींची तोंडं लागली, मातीने भरलेली. ठेकेदाराने ती नीट बुजवली नाहीत. (ठेकेदार सगळीकडे सारखेच.) ११ डिसेंबर १८६० ला, तलाव भरत असतानाच, पाणी त्या तोंडांतून खाली उतरलं आणि जुन्या बोगद्यांतून शेजारच्या फ्लेचरच्या कोळसाखाणीत शिरलं. खाण बुडाली. रायलँड्सचं म्हणणं? मी कुठे फोडलं! मला तर खाली खाण होती हेसुद्धा ठाऊक नव्हतं!

ओळखीचं वाटतंय ना?

खालच्या कोर्टात न्यायमूर्ती ब्लॅकबर्न यांनी नियम घालून दिला, की सुटलं तर दुसऱ्याचं वाटोळं करील अशी वस्तू ज्याने स्वतःसाठी आपल्या जमिनीवर आणून साठवली, त्याने ती आपल्या जोखमीवर सांभाळावी. मुद्दाम केलं की चुकून, हे विचारायचं कारण नाही. अपील हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, म्हणजे उमरावांच्या सभेत गेलं, तेव्हा सगळ्यात वरचं कोर्ट तेच. त्याच १८६८ च्या फेब्रुवारीत पंतप्रधान डिझरायलीने केर्न्सला लॉर्ड चॅन्सेलर केलं होतं. जुलैमध्ये त्याने निकाल दिला, पानं मोजकीच. ब्लॅकबर्नचा नियम उचलून धरला, वर एक अट जोडली, की जमिनीचा वापर नैसर्गिक नसला पाहिजे. डिसेंबरात सरकार पडलं, हा घरी. दहा महिनेसुद्धा खुर्ची नव्हती आणि तेवढ्यात हे करून गेला.

लॉर्ड चॅन्सेलर म्हणजे काय ते लक्षात घ्या. मंत्रिमंडळात बसणार, उमरावांच्या सभेचं अध्यक्षपद सांभाळणार आणि देशाचा सगळ्यात वरचा न्यायाधीशही तोच. सकाळी निकाल, संध्याकाळी पक्षाचं भाषण. आज आपल्याकडे निवृत्त न्यायाधीशाने पद घेतलं की आपण सगळे (मी धरून) भडकतो, आणि बरोबरच भडकतो. तिकडेही २००५ मध्ये कायदा करून ही तीन तोंडांची खुर्ची मोडलीच. पण केर्न्सचे निकाल वाचताना पक्ष दिसत नाही, हेही मला सांगावंच लागेल. रायलँड्ससारख्या धनाढ्य गिरणीमालकाला त्याने एका खाणवाल्याच्या भरपाईला बांधलं.

आमच्या दाव्यात आता हीच नैसर्गिक वापराची अट आडवी आलीय. समोरच्या वकिलाने (हा मात्र अभ्यास करून येतो, हेवा वाटतो) १८७४ चा प्रिव्ही कौन्सिलचा, म्हणजे हिंदुस्थानातली शेवटची अपिलं ऐकणाऱ्या लंडनच्या कोर्टाचा, निकाल काढला. मद्रास रेल्वे विरुद्ध कार्वेटनगरचा जमीनदार. तिथे जमीनदाराचे जुने तलाव अतिवृष्टीने फुटून रेल्वेमार्ग वाहून गेला. प्रिव्ही कौन्सिल म्हणालं, हिंदुस्थानात शेतीला तलाव लागतातच, ते पिढ्यान्‌पिढ्यांचे आहेत, राखणं हे जमीनदाराचं कर्तव्यच आहे, आणि निष्काळजीपणा काही नाही. रायलँड्सचा नियम इथे चालणार नाही. खरं सांगायचं तर त्यात तथ्य आहे. पावसाच्या भरवशावरच्या मुलखात पाणी साठवणं गुन्हा कसा?

पण ते तलाव अख्ख्या मुलखाचे होते हो. हे तळं एकट्याचं, दोन वर्षांपूर्वी खोदलेलं, विहिरीतून मोटर लावून काठोकाठ भरलेलं, आणि खालच्या अंगाचा भराव कच्चा. अण्णाने दोनदा सांगितलं होतं, "भाऊ, खालून पाझरतंय." गंमत बघा, तलाठी पंचनाम्याला आला तेव्हा म्हणाला, ही नैसर्गिक आपत्ती नाही, सरकारी मदत बसणार नाही. आणि शेजाऱ्याच्या कैफियतीत लिहिलंय, अस्मानी संकट! सरकारला अस्मानी नाही, शेजाऱ्याला सुलतानी नाही, मग अण्णाचा कांदा नेला कोणी?

दिल्लीत १९८५ मध्ये ओलियम वायू फुटल्यावर आपल्या सुप्रीम कोर्टाने केर्न्सच्या पुढची पायरी गाठली. धोकादायक कारखान्याला कसलीच पळवाट नाही, अस्मानी नाही नि काही नाही. भोपाळ ताजं होतं. पण ते कारखान्यांना. शेततळ्याला अजून केर्न्सच.

पुढे १८७४ ते १८८० पुन्हा लॉर्ड चॅन्सेलर, मध्येच १८७८ ला अर्ल ही वरची उमरावकी. त्याआधीचा लॉर्ड चॅन्सेलर सेलबर्नने १८७३ च्या कायद्याने दोन जातींची कोर्टं एका छपराखाली आणली, त्याची पायाभरणी ज्या आयोगाने केली त्याचा अध्यक्षही केर्न्सच. सेलबर्न विरोधी पक्षाचा, पण या कामात दोघांनी एकमेकांचे पाय ओढले नाहीत. आणि १८८२ चा जमिनीचा कायदा, ज्याने वडिलोपार्जित अडकलेली जमीन हयातीपुरत्या धारकाला विकता येऊ लागली, पैसा मात्र वारसांसाठी राखून ठेवायचा. ते विधेयक केर्न्सने तयार केलं आणि मंजूर झालं ग्लॅडस्टनच्या राज्यात! असं आपल्याकडे शेवटचं कधी झालं, आठवा बरं.

माणूस थंड होता म्हणे. छातीचं दुखणं जन्माचं, हिवाळा आला की दक्षिण फ्रान्सला पळावं लागायचं. मित्र कमी. पण रविवारच्या शाळेत पोरांना बायबल शिकवायचा, तेही वर्षानुवर्षं, मोठमोठ्या पदांवर असतानाही. मी मास्तर असल्यामुळे इथे जरा पाघळलो असेन, चालायचंच.

आणि नशीब कसं बघा. त्याच्या वारस मुलाने एका नाटकवालीला लग्नाचं वचन दिलं आणि मोडलं. तिने दावा लावला. १८८४ मध्ये दहा हजार पौंड भरपाई मिळाली, त्यातून तिने स्वतःची नाटक कंपनी काढली. हुकमाऐवजी पैसे देववायची सोय करणाऱ्या बापाच्या घरातून हे पैसे गेले! पुढच्याच वर्षी, एप्रिल १८८५ मध्ये, बोर्नमथला केर्न्स वारला.

असो. संध्याकाळी तो पोरगा फोन करून म्हणाला, "काका, कलम बघितलं. दुरुस्ती अर्ज टाकू. सरांना मीच सांगतो." आवाज उतरला होता बिचाऱ्याचा. वय असेल पंचवीस. त्याचा राग आता नाही. सरांचा आहे, तो राहील.

एक राहिलंच. कोर्टातून निघालो तर एसटी गेलेली. स्टँडवर उभे असताना एक पिकअप थांबला. शेजारी. नजर न मिळवता म्हणाला, "चला, तिकडंच चाललोय." पुढे जागा एकाचीच होती. अण्णा मागे चढला. मागे शेततळ्यात अंथरायच्या नव्या प्लास्टिक कागदाची काळी गुंडाळी होती, अण्णा तिच्यावरच बसला. मी पुढे, कुणी काही बोललं नाही. गावाच्या फाट्यावर उतरताना अण्णाने गुंडाळीवर हात फिरवून विचारलं, "किती मायक्रॉनचा घेतला?"

"पाचशे."

"आधी भराव दाब," अण्णा म्हणाला, आणि आम्ही घरी आलो.