‘पाच कडवी सत्यं’ आणि मुलांना दाखवलेली ती क्लिप

कुठेही दहशतवादी हल्ला झाला की ‘हल्ल्यानंतर कसं जगायचं : पाच कडवी सत्यं’ हा मेसेज फिरायला लागतो. खाली ‘एका निवृत्त कमांडोकडून’ एवढीच सही. नाव नाही, हुद्दा नाही. आजवर तो आला की मी पुसून टाकत होते. या वेळी तो ताईकडे पोचला. तिने त्यातलं दुसरं ‘सत्य’ मनापासून अमलात आणलं आणि तिचा अकरा वर्षांचा मुलगा आता दिवा बंद केला की ओरडत उठतो. ताईला मी बोल लावत नाही. मेसेजच असा लिहिलाय की जो ऐकणार नाही तो भित्रा ठरावा.

मेसेज म्हणतो : एक, हल्ल्यात माणसं जनावरांसारखी पळतात, कोणावर विसंबू नका. दोन, हल्ल्याच्या क्लिप पुन्हा पुन्हा बघा, मुलांनाही दाखवा, मन घट्ट होतं. तीन, सहा महिने रेल्वे आणि विमान टाळा, स्वतःच्या गाडीने जा. चार, पेहराव बघून संशयित ओळखा आणि फोटो लगेच पसरवा. पाच, आठवड्यात जो कामाला लागतो त्याला मेलेल्यांची किंमत नाही.

आधी दुसराच मुद्दा घेते, कारण सगळ्यात जास्त नुकसान तो करतो.

१५ एप्रिल २०१३ रोजी बॉस्टन मॅरेथॉनच्या अंतिम रेषेजवळ दोन बॉम्ब फुटले. तिघांचा जीव गेला, शेकडो जखमी झाले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या संशोधकांनी त्यानंतरच्या दोन ते चार आठवड्यांत बॉस्टन, न्यूयॉर्क आणि बाकी अमेरिकेतल्या मिळून ४,६७५ जणांची पाहणी केली. झोप उडणं, दचकणं, नको असलेली दृश्यं डोळ्यांसमोर येत राहणं अशी तीव्र ताणाची लक्षणं कोणात किती आहेत, हे त्यांनी तपासलं. काही जण स्वतः स्फोटाच्या जागी किंवा जवळपास होते, काहींच्या ओळखीचं कोणी तिथे होतं. या लोकांपेक्षाही जास्त ताण कोणात आढळला? हल्ल्यानंतरच्या आठवड्यात रोज सहा किंवा जास्त तास टीव्हीवर, फोनवर, इंटरनेटवर त्याच बातम्या आणि तीच दृश्यं बघणाऱ्यांमध्ये. घरात बसून, एकही धमाका न ऐकता.

यावर एक आक्षेप लगेच येतो : मुळात घाबरट माणसंच जास्त बघत असतील. संशोधकांनाही हा प्रश्न पडला होता. या लोकांच्या मानसिक आरोग्याची हल्ल्याआधीची माहिती त्यांच्याकडे होती आणि ती हिशेबात धरूनच हा निष्कर्ष निघाला. पुढे याच गटाने तीन वर्षं लोकांचा मागोवा घेतला आणि २०१९ मध्ये तो प्रसिद्ध केला. बॉस्टनच्या वेळी ज्यांनी जास्त बघितलं, त्यांच्यात सहा महिन्यांनी मानसिक आघाताची लक्षणं जास्त होती आणि ज्यांच्यात ती होती त्यांना दोन वर्षांनी पुढच्या संकटांची धास्तीही जास्त होती. २०१६ मध्ये ऑर्लँडोच्या नाइटक्लबवर हल्ला झाला तेव्हा अशी धास्ती असलेली माणसं आणखी जास्त बघत बसली आणि आणखी खचली. म्हणजे आक्षेप अर्धा खरा आहे. घाबरलेला माणूस जास्त बघतो. पण बघून तो घट्ट होत नाही, पुढच्या वेळी जास्त घाबरायला तयार होतो.

मेसेजमध्ये ‘डॉक्टरही रुग्णाला भीतीसमोर उभं करतात’ असंही एक वाक्य आहे. असा उपचार असतो, हे मान्य करते. तो प्रशिक्षित माणूस करतो, रुग्णाच्या संमतीने, त्याला झेपेल तेवढ्या पायऱ्यांनी. शिवाय प्रत्येक बैठकीनंतर रुग्ण सावरला की नाही हे बघितलं जातं. रात्री साडेदहाला मुलाच्या हातात फोन देऊन रक्ताळलेला रस्ता दाखवणं हा उपचार नव्हे.

मुलांचं तर वेगळंच. १९९५ मध्ये ओक्लाहोमा सिटीत सरकारी इमारत बॉम्बने उडवली गेली, १६८ माणसं गेली. तिथल्या शाळकरी मुलांच्या अभ्यासात दिसलं की ज्यांनी टीव्हीवर ते जास्त बघितलं त्यांच्यात आघाताची लक्षणं जास्त होती. घरातलं कोणी गमावलं नव्हतं अशा मुलांमध्येसुद्धा. अगदी लहान मुलांना तर तेच दृश्य पुन्हा लागलं की पुन्हा नवीन हल्ला झाला असं वाटू शकतं. मुलाला काय झालं ते सांगायला हवंच, लपवून चालत नाही. पण सांगणं वेगळं आणि दाखवणं वेगळं.

आणि क्लिप चालू कारवाईची असेल तर प्रश्न फक्त मनाचा राहत नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यात वाहिन्यांचं थेट प्रक्षेपण बघून हल्लेखोरांचे पाकिस्तानातले सूत्रधार त्यांना फोनवर सूचना देत होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या निकालात वाहिन्यांना यावरून कडक शब्दांत सुनावलं. २०१५ पासून अशा कारवाईच्या थेट प्रक्षेपणाला नियमानेच बंदी आहे. वाहिन्यांना जे बंद केलं तेच आपण खिडकीतून शूट करून ग्रुपवर टाकायचं?

आता पहिलं ‘सत्य’. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरवर विमानं आदळली तेव्हा दोन्ही मनोऱ्यांत मिळून सुमारे १७,४०० माणसं होती. अमेरिकन सरकारच्या तांत्रिक चौकशीनुसार आघाताच्या मजल्यांखाली असलेल्यांपैकी ९९ टक्क्यांहून जास्त बाहेर पडली. जनावरांसारखी पळून अरुंद जिन्यांवरून हजारो माणसं सुखरूप उतरत नाहीत. लंडनमध्ये ७ जुलै २००५ च्या स्फोटांनंतर भुयारी रेल्वेच्या अंधाऱ्या डब्यांत अडकलेल्यांशी संशोधक बोलले, तेव्हा पुन्हा पुन्हा ऐकायला मिळालं ते एकमेकांना धीर देणं, जखमा बांधणं, अनोळखी माणसाजवळ थांबणं. चेंगराचेंगरी होतच नाही असं मी म्हणत नाही. जून २०१७ मध्ये इटलीतल्या तुरीनच्या चौकात फुटबॉलचा सामना पडद्यावर बघणाऱ्या गर्दीत हल्ल्याच्या नुसत्या समजुतीने दीड हजारांवर माणसं जखमी झाली. पण शेजारच्यावर विसंबू नका हे आधीच मनात भरवलं, तर असली पळापळ वाढेल की कमी होईल?

तिसऱ्या मुद्द्याला जास्त जागा देण्याची गरज नाही. ११ सप्टेंबरच्या चार विमानांत हल्लेखोर वगळता २४६ जण मेले. त्यानंतर विमान टाळून गाडी चालवणाऱ्यांमुळे वर्षभरात अमेरिकेच्या रस्त्यांवर सुमारे १,५०० जादा मृत्यू झाले, असा जर्मन मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगेरेन्झर यांचा अंदाज आहे. माद्रिदच्या २००४ च्या रेल्वे स्फोटांनंतर स्पेनमध्ये मात्र असं दिसलं नाही. लोकांनी रेल्वे काही काळ टाळली, पण त्या बदल्यात गाड्या काढल्या नाहीत. मेसेज नेमकं गाड्या काढायलाच सांगतो.

चौथा मुद्दा वाचून मला संताप आला. ११ सप्टेंबरनंतर चौथ्याच दिवशी ॲरिझोनातल्या मेसा शहरात एका शीख पेट्रोलपंप मालकाला गोळ्या घातल्या गेल्या, पगडी आणि दाढी बघून. बॉस्टनच्या वेळी इंटरनेटवरच्या हौशी शोधकर्त्यांनी एका बेपत्ता विद्यार्थ्याला बॉम्बवाला ठरवलं. मुलाचा शोध घेणाऱ्या घरच्यांवर शिव्यांचा मारा झाला. तो नंतर मृतावस्थेत सापडला आणि हल्ल्याशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. २०११ मध्ये नॉर्वेत ७७ जणांना मारणारा त्याच देशातला गोरा अतिउजवा तरुण निघाला, पहिल्या काही तासांत तर्क भलतीकडेच धावत होते. बेवारस बॅग दिसली, कोणी संशयास्पद वागताना दिसलं, तर पोलिसांना जरूर कळवा. त्यात वागणं सांगायचं असतं, पेहराव नाही, आणि ते पोलिसांना सांगायचं असतं, दोनशे जणांच्या ग्रुपला नाही.

राहिला पाचवा. न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटनच्या ११०व्या रस्त्याच्या दक्षिणेला राहणाऱ्या प्रौढांमध्ये ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर महिना-दोन महिन्यांत ७.५ टक्के लोकांत आघातोत्तर तणावविकाराची लक्षणं होती. सहा महिन्यांनी ०.६ टक्के. लंडनमध्ये हल्ल्यानंतर दोन आठवड्यांच्या आत ३१ टक्के लोकांना बराच ताण जाणवत होता, सात महिन्यांनी ११ टक्क्यांना. बहुतेक माणसं सावरतात, आणि कामावर जाणं, रोजच्या माणसांत बसणं यांचा त्या सावरण्यात हातभार लागतो. यात मेलेल्यांचा अपमान कुठून आला? आणि ते ०.६ टक्के म्हणजेही हजारो माणसं आहेत. महिना उलटूनही झोप नाही, तो रस्ता टाळला जातो, दार आपटलं की छाती धडधडते, अशांनी मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं, मुलांनाही न्यावं. सावरलेल्यांना लाज वाटायला लावून या माणसांना काहीच मिळत नाही.