सहा ओळींचा तक्ता का दिला नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. जर्मनच्या वर्तमानकाळातल्या इररेग्युलर क्रियापदांवर मी एवढं लांबलचक लिहिलं पण मी-तू-तो अशा सहा ओळींचा साधा तक्ता दिला नाही, गेएन (जाणे) आणि कोमेन (येणे) तर चक्क गाळले, परीक्षेला शेवटी घोकंपट्टीच कामाला येते, आणि तुमचा म्युनिकमधला भाऊ म्हणतो की तिथे लोक 'एर श्लाफ्ट'च (तो झोपतो) म्हणतात, मग 'श्लेफ्ट' लिहिताना a वर येणाऱ्या त्या दोन टिंबांचं कौतुक कशाला. एवढंच ना?

आधी गेएन-कोमेन. ते मुद्दाम गाळलेत. डिक्शनरीत त्यांना इररेग्युलर म्हटलंय ते भूतकाळामुळे, तिथे गिंग आणि काम होतं. वर्तमानकाळात इश गेए (मी जातो), डू गेस्ट (तू जातोस), एर गेट (तो जातो), अगदी सरळ. आपल्याकडे पण जातो-येतो सरळच असतात की, घोळ गेला-आला मध्ये होतो. पुस्तकाच्या मागे जी यादी असते ती सगळ्या काळांची मिळून असते, ती वर्तमानकाळ शिकताना उघडली की श्राइबेन, ट्रिंकेन, ब्लाइबेन, श्टेएन असे सगळे निरपराध शब्द पण भीतीदायक वाटायला लागतात.

आता तक्ता. फारेन (गाडीने जाणे) घ्या. इश फारे, व्हीअर (आम्ही) फारेन, ईअर (तुम्ही) फार्ट, झी (ते) फारेन, इथे काहीच बदलत नाही. बदल फक्त डू फेर्स्ट आणि एर फेर्ट मध्ये. म्हणजे सहातल्या चार ओळी तुम्ही उगाच पाठ करणार आणि पन्नास क्रियापदांना तेच करत बसणार! त्यापेक्षा क्रियापद शिकतानाच जोडी पाठ करा : श्लाफेन-श्लेफ्ट, लाउफेन-लॉइफ्ट, गेबेन-गिब्ट, हेल्फेन-हिल्फ्ट, लेझेन-लीस्ट, झेएन-झीट. एर चं रूप आलं की डू चं जवळपास आपोआप येतं. नेमेन-निम्ट ला स्पेलिंग बघा, एच जातो आणि एम डबल होतो. आणि हाल्टेन चं हेल्ट होतं, आर्बाइटेन-आर्बाइटेट सारखं शेवटी आणखी एक 'एट' लागत नाही, इथे भलेभले अडकतात. तसंच ईअर. एर ला बदल बघितला की हात आपोआप ईअर ला पण टिंबं देतो, आणि तक्ता घोकलेली मुलंच ही चूक जास्त करतात असं माझं मत आहे, कारण ओळी एकाखाली एक पाठ असतात पण कुठली ओळ का बदलली हे माहीत नसतं.

ते 'का' तुम्हाला टाइमपास वाटलं. पण ते दोन वाक्यांत संपतं हो. जुन्या जर्मनमध्ये डू आणि एर च्या प्रत्ययांत 'इ' होता, त्या इ ने आधीचा स्वर स्वतःकडे ओढला, नंतर प्रत्ययातला इ गेला पण ओढलेला स्वर तसाच राहिला. ईअर च्या प्रत्ययात इ नव्हता, म्हणून तो कोरडा.

घोकंपट्टी लागतेच तिथे मी पण नाही म्हणत नाहीये. झाइन (असणे), हाबेन (जवळ असणे), व्हेर्डेन (होणे), व्हिसेन (जाणणे) आणि मोडल व्हर्ब्ज (शकणे, लागणे अशी सहायक क्रियापदं), ही पूर्ण पाठच करायची. पण शाळेत संस्कृत घेतलं असेल तर इथेही फुकटचा आधार मिळतो : अस्ति-सन्ति शेजारी झाइनची इस्ट-झिंड ही रूपं ठेवून बघा. विद् धातूचं वेद-वेत्थ-वेद बघा आणि व्हिसेनचं व्हाइस-व्हाइस्ट-व्हाइस बघा. तिकडेही वेद ला प्रत्यय भूतकाळाचे आणि अर्थ 'जाणतो' असा वर्तमानाचा. कान, मुस, दार्फ, माग या मोडल व्हर्ब्जच्या रूपांचंही तेच, ही मुळात भूतकाळाची रूपं, म्हणून इश आणि एर ला एकच रूप आणि शेवटी टी नाही (व्होलेन चं व्हिल मागाहून यांच्यात सामील झालं). 'एर कान्ट' लिहिणाऱ्यांनी हे एकदा वाचावं.

आणि परीक्षा म्हणाल तर गोएथे इन्स्टिट्यूटच्या ए-वनला, म्हणजे पहिल्या पातळीच्या परीक्षेला, व्याकरणाचा वेगळा पेपरच नाही. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं, बस. बोलण्याच्या शेवटच्या भागात कार्ड बघून समोरच्याला काहीतरी विनंती करायची असते, तिथे गिब (दे), निम (घे), लीस (वाच) अशी रूपं तोंडात असली तर बरं पडतं. यातही गंमत आहे, ए चा इ झालेला आज्ञार्थात टिकतो पण टिंबं टिकत नाहीत, फार! श्लाफ! असंच. सहा ओळींच्या तक्त्यात हे कुठेच दिसत नाही.

राहिला भाऊ. तो बरोबर ऐकतोय, दक्षिणेकडच्या बोलींमध्ये एर फार्ट, एर श्लाफ्ट चालतं. उलट त्याला म्हणावं नीट कान दे, तिथले लोक 'इश गेबे' (मी देतो) च्या जागी 'इ गिब' पण म्हणतात (पहिला इ म्हणजे इश), म्हणजे टिंबं सोडली तरी गिब मधला इ सोडला नाही, इश बरोबरही ठेवला. फक्त पेपरात श्लेफ्टच लिही म्हणावं.