मेम्फिसचा आवाज, मिरजेचा भोपळा

"डोकं फिरलेलं होतं त्या गाणाऱ्याचं, म्हणून तर गाणं एवढं आत घुसतं," बंड्या म्हणाला, आणि डॉक्टरनं चहाचा ग्लास पायरीवर ठेवला. तिनं अर्धा ग्लास खाली ठेवला की आम्हाला कळतं, आता तासभर कुणी उठत नाही.

आमचा कट्टा म्हणजे मिरजेत चाचांच्या दुकानाची पायरी. चाचा तंबोरे करतात. नऊच्या सुमाराला शटर अर्धं खाली येतं, आतून लाकडाच्या भुशाचा आणि पॉलिशचा वास येत राहतो, आणि आम्ही एकेक करून जमतो. डॉक्टर दवाखाना आटोपून येते. ती मनोविकारांची डॉक्टर. शाळेपासूनची मैत्रीण, पण आता तिला नावानं कुणीच हाक मारत नाही.

त्या रात्री मी फोनवर एक गाणं लावलं होतं. आवाज चिरका येत होता. चाचा उठले, आतून अर्धा कापलेला वाळका भोपळा घेऊन आले आणि फोन त्यात उभा केला. आवाज गोल झाला. गिटारची ती थरथरती सुरुवात एकदम भरून आली, आणि मग, शेजारच्या खोलीत कुणी जागं आहे हे ठाऊक असताना बोलावं तसा तो गळा सुरू झाला.

जेम्स कार. 'द डार्क एंड ऑफ द स्ट्रीट'. १९६७ सालची तबकडी, अमेरिकेतल्या मेम्फिस शहरातली, अडीच मिनिटांच्या आसपासची. रस्त्याच्या अंधाऱ्या टोकाला चोरून भेटणाऱ्या दोघांचं गाणं.

मी नेहमी करतो तेच त्याही दिवशी केलं होतं. गाण्याआधी त्याची कहाणी सांगितली होती. १९४२ साली मिसिसिपीत जन्म, मेम्फिसमध्ये लहानाचा मोठा, चर्चमधलं गाणं. मग पाच-सहा वर्षं उजळला आणि मानसिक आजारानं घेरलं. १९७९ साली जपानच्या दौऱ्यात, भरल्या सभागृहापुढं, माइकसमोर गोठल्यासारखा उभा राहिला. २००१च्या जानेवारीत मेम्फिसमध्येच फुप्फुसाच्या कॅन्सरनं गेला, ५८व्या वर्षी. एवढं आधी कानावर घातल्यावर बंड्यानं दुसरं काय म्हणायचं होतं?

"मला एक सांग," डॉक्टर म्हणाली, "जपानमध्ये आजार होता ना त्याच्याबरोबर?"

"होता की."

"मग तिथं गाणं का नाही आलं?"

बंड्या गप्प झाला, पण हार मानायचा त्याचा स्वभाव नाही. "अगं, आजार म्हणजे झटका नव्हे. आतलं दुःख. ते आधीपासून असणारच. त्याच्या पहिल्या मोठ्या गाण्याचं नाव काय सांगितलंस रे मघाशी?"

"'यूव्ह गॉट माय माइंड मेस्ड अप'," मी म्हणालो.

"झालं! तो स्वतःच सांगतोय, माझं डोकं ठिकाणावर नाही म्हणून."

"ते गाणं त्यानं लिहिलेलं नाही," मी म्हणालो. "ओ. बी. मॅक्लिंटन नावाच्या माणसानं लिहिलंय. प्रेमात डोकं फिरल्याचं साधं गाणं आहे."

"आणि आपण नंतरचा आजार त्याच्या आधीच्या गाण्यावर चिकटवतो," डॉक्टर म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण ती चिडलेली होती. "माझ्याकडं येतात रे अशी मुलं. चित्रं काढणारी, तबला वाजवणारी. घरचे म्हणतात, गोळ्या दिल्या तर कला जाईल, राहू दे थोडा वेडेपणा. आणि पोरगं सहा-सहा महिने ब्रश हातात धरत नसतं. आजारात काही होत नाही बंड्या. जे होतं ते आजार जरा बाजूला सरकतो तेव्हा होतं. तारखा बघ की त्याच्या."

तारखा मला पाठ होत्या, पण त्या अशा कधी बघितल्या नव्हत्या. जेम्सचं जे काही थोर आहे ते जवळजवळ सगळं १९६६ ते १९६९ या काळातलं. 'पोअरिंग वॉटर ऑन अ ड्राउनिंग मॅन' १९६६चं, 'अ मॅन नीड्स अ वूमन' १९६८चं. गोल्डवॅक्स या छोट्या रेकॉर्ड कंपनीसाठी केलेले दोनच अल्बम. आजार बळावत गेला तसा तो स्टुडिओत माइकसमोर तासन्‌तास नुसता बसून राहायला लागला. पुढची किती वर्षं रिकामी! १९९१मध्ये पुन्हा एक अल्बम आला, पण तोवर गळ्यातलं बरंच निघून गेलं होतं. आजारानं गाणं दिलं असतं तर सत्तरच्या दशकात त्याच्या तबकड्यांचा ढीग लागायला हवा होता.

हे मी बोललो तेव्हा मला स्वतःचीच लाज वाटली. इतकी वर्षं मी लोकांना हे गाणं ऐकवताना आधी त्याचा आजार ऐकवत आलो होतो, आणि त्याची मेहनत त्या आजाराच्या नावावर जमा करत आलो होतो.

चाचांनी विचारलं, "शिकला कुठं हा?"

तर ते सांगायलाच हवं. मेम्फिसमध्ये रूझवेल्ट जेमिसन नावाचे गृहस्थ होते. रक्तपेढीत नोकरी करायचे आणि चर्चमध्ये गाणाऱ्या पोरांना हाताशी धरून त्यांची तालीम घ्यायचे. त्यातलाच एक जेम्स, दुसरा ओ. व्ही. राइट. गोल्डवॅक्सचे दोन मालक, दोघंही गोरे: क्विंटन क्लॉन्च हार्डवेअरचा माल विकायचे, डॉक रसेल औषधविक्रेते. १९६४च्या सुमाराला एकदा मध्यरात्री क्लॉन्च यांच्या दारावर थाप पडली. दारात जेमिसन, जेम्स आणि ओ. व्ही., बरोबर एक छोटा टेपरेकॉर्डर. सगळे बैठकीच्या खोलीत जमिनीवर बसले आणि टेप ऐकली. त्या काळच्या मेम्फिसमध्ये तीन काळ्या माणसांनी मध्यरात्री गोऱ्याचं दार ठोठावणं ही काय गोष्ट होती, याचा विचार केला की मला त्या थापेचा आवाज ऐकू येतो.

"म्हणजे देवळातल्या भजनातनं आला," चाचा म्हणाले. "तरीच. लाव परत."

मी परत लावलं. चाचांना इंग्रजी येत नाही. ते गाणं ऐकतात म्हणजे नुसता आवाज ऐकतात, मान एका बाजूला कलवून, तंबोऱ्याची जवारी काढताना, म्हणजे तारेचा नाद जुळवताना, कलवतात तशी. मधल्या भागात जेम्स तीनदा तेच म्हणतो, आपण सापडणार, सापडणार, एक दिवस सापडणारच. तिसऱ्या वेळी देवाला हाक मारतो. चाचांनी तिथं बोट वर केलं.

"थांबव. इथं दुसरा कुणी असता तर ओरडला असता. ह्याच्याकडं ओरडायला दम हाय, कळतंय ऐकताना. पण ओरडत न्हाई." त्यांनी हात लांबवून शटरच्या आतला एक तंबोरा पुढं ओढला, अजून पॉलिश न झालेला. घोडीवर, तारेखाली, सुती दोरा होता. नखानं तो केसभर सरकवला आणि तार छेडली. तार बोलायला लागली, सुरांची सगळी भावंडं तिच्यातून बाहेर पडली. आणखी केसभर सरकवला. नुसती खरखर. परत मागं घेतला. "एवढ्या जागेत सगळं असतंय. तो पोरगा दोरा सरकवतो, खरखरीच्या काठापर्यंत नेतो आणि मागं घेतो. परत नेतो, परत मागं. हे रडणाऱ्याला जमत न्हाई. रडणारा ह्या काठावर थांबूच शकत न्हाई."

बंड्याकडं त्यावर उत्तर नव्हतं, पण प्रश्न होता, आणि तो चांगला होता. "मग एवढा तयार माणूस होता, तर नाव का नाही झालं? आणि ह्याच गाण्याचं सोनं दुसऱ्यांनी केलं, ते?"

नाव अगदीच झालं नाही असं नाही. बिलबोर्ड या अमेरिकेतल्या साप्ताहिकाच्या ऱ्हिदम अँड ब्लूजच्या यादीत हे गाणं १०व्या क्रमांकापर्यंत गेलं, त्याआधीचं 'माइंड मेस्ड अप' ७व्या. पण सर्वसाधारण यादीत हे जेमतेम ७७वर पोचलं. म्हणजे काळ्या वस्तीतल्या रेडिओवर वाजलं, पलीकडं फारसं पोचलंच नाही. गोल्डवॅक्सकडं ना माणसं होती ना पैसा, आणि त्याच गावात स्टॅक्ससारखी मोठी रेकॉर्ड कंपनी, तिच्याकडं ओटिस रेडिंगसारखा गाणारा गडी. नंतर पर्सी स्लेजनं हे गाणं गायलं, अरीथा फ्रँकलिननं गायलं, लिंडा रॉनस्टॅटनं गायलं. अरीथाचं मला मनापासून आवडतं. पण ती गाते तेव्हा रस्त्याच्या त्या टोकाला ऊन पडतं. तिच्या आवाजाला लपणं माहीतच नाही. जेम्स शेवटच्या ओळीपर्यंत अंधारातनं बाहेर पाऊल टाकत नाही.

गाणं लिहिणारे दोघं, डॅन पेन आणि चिप्स मोमन. १९६६मध्ये नॅशव्हिलला रेडिओवाल्यांच्या संमेलनात पत्ते खेळताना डाव मध्येच सोडून उठले आणि क्लॉन्च यांच्या हॉटेलातल्या खोलीत जाऊन अर्ध्या तासात गाणं लिहून काढलं. क्लॉन्च यांनी खोली दिली ती एकाच अटीवर, गाणं माझ्या जेम्सला मिळालं पाहिजे. पुढं इतक्या मोठमोठ्यांनी गायलं तरी पेन यांच्या लेखी खरं गाणं जेम्सचंच.

"अर्ध्या तासात लिहिलं," बंड्या म्हणाला. "आणि आपण इथं तासभर भांडतोय." मग थोडं थांबून, जरा वेगळ्या आवाजात, "पण लपायचं कशाला त्यांना? गाण्यात सांगितलंय का?"

इथं मी जरा अडखळलो. लिहिणाऱ्यांच्या डोक्यात लग्नाबाहेरचं प्रेम होतं. गाण्यात आपली चूक लपवण्याची गोष्ट आहे, पण कोण, कुणाचं, का, हे एका शब्दानं सांगितलेलं नाही. आणि तबकडी आली तेव्हा टेनेसीत, म्हणजे मेम्फिसच्या राज्यात, काळ्या-गोऱ्यांनी लग्न करणं हाच गुन्हा होता. टेनेसीसकट १६ राज्यांतले तसले कायदे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं रद्द केले ते १२ जून १९६७ला. म्हणजे मेम्फिसमधल्या एखाद्या घरी रेडिओवर हे वाजत असताना ऐकणाऱ्याच्या मनात कुठली भीती उभी राहत असेल, हे ज्याचं त्याला ठाऊक.

"मग हे आजाराचं दुःख नाही आणि एकट्याचंही नाही," डॉक्टर म्हणाली. "तो ऐकणाऱ्याला जागा ठेवतो. ओरडला असता तर सगळी जागा त्यानंच भरली असती."

"शेवटचं कडवं काय हाय?" चाचांनी विचारलं. "तिथं तो लईच खाली येतो."

मी अर्थ सांगितला. कधी दिवसाउजेडी दोघं योगायोगानं बाजारात समोरासमोर आलो, तर तू थांबू नकोस, सरळ पुढं निघून जा. आणि रडू नकोस.

चाचांनी तंबोरा परत आत ठेवला. ठेवायला लागतो त्याहून जास्त वेळ लागला त्यांना. आले ते पाठ पायरीकडं करून शटरची कडी चाचपत राहिले. "तसं झालंय," एवढंच म्हणाले. "बाजारातच. गणपतीचे दिवस होते." पुढं काही बोलले नाहीत. आम्ही तिघांनीही विचारलं नाही. त्यांना मी पंचवीस वर्षं ओळखतो आणि हे मला माहीत नव्हतं.

चहावाल्या पोरानं ग्लास नेले. बंड्या भोपळ्याच्या कडेवरनं बोट फिरवत बसला होता.

"मी माझं म्हणणं सोडलेलं नाही," तो डॉक्टरला म्हणाला. "माणसाच्या आत काहीतरी मोडलेलं असल्याशिवाय असं गाता येत नाही."

"मोडलेलं प्रत्येकाच्या आत असतं," डॉक्टर म्हणाली. "गाता येणं वेगळं. ते त्याचं होतं, आजाराचं नव्हतं. एवढं श्रेय तरी त्याला दे."

"बरं, देतो," बंड्या म्हणाला. त्याला ते मनापासून द्यायचं होतं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

चाचा पुन्हा पायरीवर येऊन बसले. "तो दुसरा कोण म्हणालास? रक्तपेढीवाल्याकडचा. जेम्सच्या जोडीचा."

ओ. व्ही. राइट. त्याच्याकडं गोल्डवॅक्सही राहिली नाही. चर्चच्या मंडळीबरोबर गाताना केलेला जुना करार ह्यूस्टनच्या डॉन रोबी यांनी पुढं केला आणि त्याला आपल्या कंपनीत ओढून नेलं. 'दॅट्स हाऊ स्ट्राँग माय लव्ह इज' आधी त्यानं गायलं, जेमिसन यांनीच लिहिलेलं, आणि जगानं ते ओळखलं ओटिस रेडिंगच्या आवाजात. १९८०मध्ये ४१व्या वर्षी गेला. मेम्फिसमध्ये पुरलं, आणि त्याच्या थडग्यावर नावाचा दगड बसायला २००८ साल उजाडलं.

एवढं सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. पण मी त्यातलं काही बोललो नाही. १९७१ सालचं 'अ निकेल अँड अ नेल' शोधलं, रॉयल स्टुडिओत विली मिचेल यांनी करून घेतलेलं. जेम्सनं अंधाऱ्या टोकाचं गाणं गायलं तेही त्याच स्टुडिओत, उतरत्या जमिनीच्या जुन्या सिनेमा थिएटरात.

"हे काय म्हणतोय ते तरी सांग," बंड्या म्हणाला.

"आधी ऐक," मी म्हणालो आणि फोन भोपळ्यात ठेवला.