मुक्काम पोस्ट खंडाळा, वेलिंग्टन

सकाळी ट्रेनमध्ये फोन उघडला आणि डोकंच फिरलं.

इथल्या, म्हणजे न्यूझीलंडमधल्या, आपल्या मराठी ग्रुपवर एकांनी वेलिंग्टनचं माओरी नाव, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतलं, टाकलं होतं. 'ते फङानुई आ तारा'. खाली लिहिलं होतं, "आता हे म्हणायचं म्हणे. जिभेला गाठ पडेल." आणि हसून हसून रडणाऱ्या बाहुल्या. मोजल्या मी, अकरा. मग सुरूच झालं. "चांगलं सुटसुटीत वेलिंग्टन असताना गरज काय?" "आपल्या टॅक्सचा पैसा." "उद्या पत्ता सांगता येणार नाही." शेवटी एक शहाणे आलेच, "आपल्याला काय करायचंय, आपण पाहुणे."

उत्तर टाइप केलं. खोडलं. परत टाइप केलं, परत खोडलं. तिथे वाद घातला की दिवाळीला फराळाच्या टेबलाशी तोंडं चुकवावी लागतात. म्हणून इथे लिहितेय. वाचताय ना, वाचा.

मी राहते तिथला किस्सा तुमच्यातल्या निम्म्यांनी ऐकलाय. तरी ऐका.

२०११. नवीन आलो होतो, भाड्याने घर बघत होतो. एजंट गाडीतून फिरवत होता. मी म्हटलं, "खंडाळ्यात काही आहे का?" तो गोड हसला आणि म्हणाला, "खॅन्डॅला." मला वाटलं त्याला ऐकू आलं नाही, मी पुन्हा म्हटलं, खंडाळा. "खॅन्डॅला," पुन्हा. सावकाश, लहान मुलाला शिकवतात तसं. वर मला माहिती पुरवली, तुमच्या भाषेत याचा अर्थ 'देवाचं विश्रांतिस्थान' असा आहे, ठाऊक होतं का?

माझे बाबा रेल्वेत, लोणावळ्याला. जन्मापासून लग्नापर्यंत खंडाळा हे माझं शेजारचं स्टेशन. कर्जतला गाडीला मागून ढकलणारी बँकर इंजिनं लागायची, घाट चढून गाडी धापा टाकत खंडाळ्यात आली की बाबांचा चहा व्हायचा. आणि हा बाबाजी मला खंडाळा शिकवतोय!

मी काय केलं? "खॅन्डॅला," म्हणाले. घर हवं होतं ना.

१८८४ मध्ये हिंदुस्थानात नोकरी करून आलेल्या कॅप्टन जेम्स अँड्र्यूने इथे घर बांधलं आणि त्याला आपल्या घाटातल्या गावाचं नाव दिलं. मागाहून सगळं उपनगर खंडाला झालं. ळ वाटेत समुद्रात पडला. आता आमच्याकडे गँजेस रोड आहे, दिल्ली, आग्रा, बॉम्बे सगळं आहे, आणि ट्रेनचं स्टेशन सिमला क्रेसेंट. दोन स्टेशनं पुढे नायो. ते खरं तर ङाइओ, माओरी नाव, एका झाडाचं. ते कुणीही नीट म्हणत नाही. मीही नाही.

आणि हे जे 'सुटसुटीत वेलिंग्टन' आहे ना मंडळी, ते कुणाचं नाव? ड्यूक ऑफ वेलिंग्टनचं. ड्यूक व्हायच्या आधी तो आर्थर वेलस्ली होता, आणि २३ सप्टेंबर १८०३ ला असईला मराठ्यांच्या फौजेशी लढला. असई, आपल्या जालना जिल्ह्यातली. हा माणूस न्यूझीलंडला एकदाही आला नाही. ऑकलंड ज्याच्या नावाचं, तो लॉर्ड ऑकलंडही नाही. तो कलकत्त्याला गव्हर्नर जनरल होता आणि काबूलवर फौजा धाडत होता. हॉक्स बेला गेलात तर नेपियर, हेस्टिंग्ज आणि क्लाइव्ह एकमेकांच्या उशाशी आहेत. शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकाची अनुक्रमणिका जणू! ज्यांची नावं घोकून आपण परीक्षा दिल्या त्यांच्याच नावाच्या गावांत घरं घेतली. आणि 'किरिकिरिरोआ' ऐकलं की आपल्याला हसू फुटतं. तेच हॅमिल्टन. १८६४ मध्ये माओरींशी लढताना गेट पा इथे मारल्या गेलेल्या कॅप्टनचं नाव, ज्याने ते गाव कधी पाहिलंही नव्हतं.

सगळ्यात जास्त चीड कशाची आली सांगू? हे हसणारे सगळे 'बॉम्बे' म्हणणाऱ्याला भर पार्टीत थांबवून 'मुंबई' म्हणायला लावणारे आहेत. १९९५ पासून लावताहेत. बरोबरच करतात, मीही लावते. तिकडच्या पुढच्या नामांतरांबद्दल माझी मतं आहेत, ती इथे काढत नाही, तो डबा वेगळा आहे. पण मुंबईसाठी ज्यांची मान ताठ होते त्यांना तारा नावाच्या पूर्वजाचं 'मोठं बंदर' ऐकून हसू कसं येतं? तेवढंच म्हणायचंय त्या नावाला. ताराचं मोठं बंदर. बंदर समोर दिसतंय. खिडकीतून बघा की.

आणि जिभेला गाठ? आपल्या? अहो, आपल्याकडे ङ आहे! पहिलीपासून 'काही नाही' म्हणून सोडून दिलेला ङ. वाङ्मय म्हणता ना? मग फङारेई म्हणा, तेही इथलंच एक गाव. वर ऱ्हस्व-दीर्घही आपल्यासारखंच. 'केके' ऱ्हस्व म्हटलं तर केक आणि दोन्ही ए लांबवले तर काख. कुणाच्या वाढदिवसाला जाताना लक्षात असू द्या. २०१९ मध्ये भूगोल मंडळाने शेकडो नावांवरच्या दीर्घाच्या आडव्या रेघा अधिकृत केल्या. दिन आणि दीन यांवरून मार्क गेलेल्या माणसांनी तरी 'एका रेघेसाठी एवढं काय' म्हणू नये.

बरं, खर्च होतो. मान्य. पाट्या फुकट रंगत नाहीत. आणि ज्याचं सगळं आयुष्य एका नावाच्या गावात गेलं त्या म्हाताऱ्यालाही जीव आहे, तेही मान्य. देशाच्या नावाबद्दल तर माओरींचंही एकमत नाही. २०२१ मध्ये माओरी पक्षाने 'आओतेआरोआ' करा म्हणून अर्ज काढला, सत्तर हजारांवर सह्या झाल्या. पण दक्षिण बेटावरच्या ङाइ ताहू जमातीपैकी काहीजण म्हणतात की ते नाव मुळात उत्तर बेटाचं, आमच्या बेटाचं 'ते वाइपोउनामु'. असू दे. भांडोत की ते आपसात. घर त्यांचं आहे.

पण 'आपण पाहुणे'? हे मला भयंकर लागलं. गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, संसदेत न्यूझीलंड फर्स्ट पक्षाच्या विन्स्टन पीटर्सनी (ते स्वतः माओरी, म्हणजे इथेही काही सरळ नाही) हेच काढलं होतं. २००६ मध्ये देशात आलेल्या एका खासदाराने 'आओतेआरोआ' का म्हणावं? सभापतींनी गप्प केलं. हे नाव पासपोर्टवर आहे, नोटेवर आहे म्हणाले. माझ्याही पासपोर्टवर आहे. मग 'खॅन्डॅला' म्हणायला मी पाहुणी नव्हते, ते लगेच शिकवलं. 'आओतेआरोआ' म्हणायला पाहुणी?

२०२३ मध्ये आलेल्या सरकारने खात्यांची नावं आधी इंग्रजीत लिहा म्हणून सांगितलं. 'वाका कोताही', म्हणजे वाहतूक खात्याचं माओरी नाव, पाटीवर मागे गेलं, इंग्रजी पुढे. त्या दिवशी ऑफिसमध्ये आमच्यातलाच एकजण म्हणाला, "सुटलो." कशातून सुटलास रे बाबा? १९८४ मध्ये फोन एक्स्चेंजमधल्या नाइडा ग्लाविश यांनी 'किआ ओरा' म्हणून फोन उचलला तर त्यांच्या नोकरीवर गदा आली होती. १९८४! तेव्हा मी तिसरीत होते.

थांबा. चहा घेऊन आले. जरा शांत झालेय, त्यामुळे ही पुढची गोष्ट सांगू शकते. नाहीतर सांगणार नव्हते.

आमच्या मजल्यावर एक माओरी सहकारी आहे, वयाने मोठी. पहिल्या वर्षी मी माओरी उच्चारांचा एक छोटा कोर्स केला होता, अंगात वारं शिरलेलं. डब्ल्यू-एच म्हणजे फ, हे नवीन ज्ञान. तिने सांगितलं, मी वङानुईची. मी लगेच, "म्हणजे फङानुई ना?" ती काही बोलली नाही, नुसती हसली. मग म्हणाली, "आमच्या नदीवर आम्ही वङानुई म्हणतो, व ला जरा अडकून." त्यांची बोलीच तशी. म्हणून तर पूर्वी त्या गावाच्या स्पेलिंगात एच नव्हता, आणि तो घालायचा की नाही यावर गावात वर्षानुवर्षं भांडण झालं. २००९ च्या मतदानात गावाने मोठ्या बहुमताने नाही म्हटलं होतं.

गाडीतला तो एजंट आणि मी. काय फरक? तो निदान गोड हसला होता.

तर गेल्या महिन्यात मुलीला शाळेत पेपेहा तयार करायला सांगितला. म्हणजे आपली ओळख करून द्यायची, पण नाव शेवटी. आधी आपला डोंगर, आपली नदी, आपली माणसं. मला खूप आवडतं हे. तिने विचारलं, "आई, आपला मौङा कुठला?" मौङा म्हणजे डोंगर. समोरचा काउकाउ सांगावा असं वाटलं, पण तो आपला कसा? तो त्यांचा. मी म्हटलं, "ड्यूक्स नोज."

तोंडातून गेलं आणि मग कळलं. खंडाळ्याचा तो सुळका. लहानपणी आम्ही सगळे ड्यूक्स नोजच म्हणायचो, ट्रेकला जायचो. ड्यूक कोण ते कधी विचारलं नाही. तोच हो! हाच वेलिंग्टन. त्याच्या नाकासारखा दिसतो म्हणून साहेबाने ठेवलेलं नाव. म्हणजे वेलिंग्टनमध्ये आमचा खंडाळा आणि खंडाळ्यात वेलिंग्टनचं नाक, आणि मी दोन्हीकडे त्याच्याच नावाने राहिले.

आजी मात्र नागफणी म्हणायची. फणा काढलेला नाग. आम्ही तिला हसायचो. "आजी, ड्यूक्स नोज म्हण." तीही म्हणायचा प्रयत्न करायची, बिचारी.

मुलीला सांगितलं, खोड ते, नागफणी लिही. तिने माओरी अक्षरांत बसवायला घेतलं. फ साठी डब्ल्यू-एच सापडला, खूश झाली. ग काही मिळेना, त्यांच्याकडे नाहीच, म्हणून क लिहिला. मग उभं राहून खणखणीत वाचून दाखवलं.

को नाकफणी ते मौङा.

नवरा सोफ्यावरून म्हणाला, "बघ, नाक शेवटी आलंच."