दिसते सगळं, हाती काही नाही

कॉम्प्युटरला रेडिओ डोंगल लावला, की वॉटरफॉलवर, म्हणजे सिग्नल रंगात दाखवणाऱ्या आलेखावर, लोराचे (दूर जाणाऱ्या, कमी ताकदीच्या रेडिओ सिग्नलचे) तिरपे पट्टे कसे झकास दिसतात! वावरातला ओलाव्याचा सेन्सर ८६५ मेगाहर्ट्झवर बोंबलून राहिला, डोळ्यांना दिसतंय. आणि त्यातून माहिती काढणारा डिकोडर? सीआरसी, म्हणजे माहितीचं पॅकेट शाबूत आलं का ते तपासणारा आकडा, चुकला. पुन्हा चुकला. गेन, म्हणजे सिग्नल मोठा करायचं प्रमाण, वाढवा म्हणे. वाढवला, तर ८ बिटांचा डोंगल गुदमरला. कमी केला, तर पॅकेटच गायब! शेवटी कळलं, डोंगलची फ्रिक्वेन्सी ५० पीपीएम, म्हणजे दहा लाखांत ५० भाग, सरकलेली. म्हणजे इथं तब्बल ४३ किलोहर्ट्झ! हे खोक्यावर लिहायला काय शाई संपली होती? दुरुस्त केलं, तर वऱ्हाडातलं ऊन. डोंगल तापला, पुन्हा सरकला. स्प्रेडिंग फॅक्टर (पट्टा किती लांबवायचा ते) जमला, सिंक वर्ड (नेटवर्कची खूण) जमला, आता येणार पॅकेट... अन् लाइन गेली. वरून बाबा म्हणतात, "वावरात जाऊन मातीत बोट घालून पाय ना बे!"